चावडीत सांगितलेला पगार

परवा आमच्या हॉस्पिटलच्या औषध विभागात हुरडा पार्टीची वर्गणी गोळा व्हायला लागली. मी दरवर्षीप्रमाणे पैसे दिले आणि दरवर्षीप्रमाणे येणार नाही म्हणून सांगितलं. मग ठरलेली चर्चा झाली. मंगळवेढ्याच्या असून हुरड्याला येत नाही म्हणजे कमालच झाली, मॅडम. मी म्हटलं, कमाल तर कमाल. माझ्या वाटणीचा तुम्ही खा.

खरं सांगायचं तर हुरडा मला लहानपणापासून जीव की प्राण. जानेवारीत सोलापूरच्या बाहेर कुठल्याही रस्त्याला लागलं की तो वास येतो. गोवऱ्यांची आगटी, त्यात खुपसलेली हिरवी कणसं, थोडीशी करपलेली, थोडीशी दुधाळ. गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून फोलकटं उडवायची आणि दाणे शेंगाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. हात दिवसभर काळे राहतात आणि कुणी धुवा म्हणत नाही. पण एका हिवाळ्यापासून मला घोळक्यात बसून हुरडा खाता येत नाही. सगळे मोठमोठ्यानं बोलत असतात, हसत असतात, आणि मला वाटतं आपण उठून जावं.

आमचं स्वतःचं शेत नव्हतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मंगळवेढ्याजवळच्या एका शाळेत शिक्षक होते. हुरड्याच्या दिवसांत पोरांचे आईबाप सरांना आग्रहानं शेतावर न्यायचे. घोंगडी अंथरायची ती सरांसाठी, पहिलं कणीस सरांच्या हातात. अण्णा टोपी सरळ करून मधोमध बसायचे आणि पिकापाण्याच्या गोष्टी अशा करायचे, की जणू पलीकडची चार एकर त्यांचीच आहे. लोकांना वाटायचं, सर म्हणजे सरकारी पगार. कसलं काय! शाळा विनाअनुदानित. तिथं सरकार पगार देत नाही, संस्था देते, आणि संस्थेच्या मनात येईल तेव्हा देते. घर चालायचं ते अण्णांच्या शिकवण्यांवर आणि आईच्या शिलाई मशीनवर. हे बाहेर कुणाला कळू नये म्हणून आमच्या घरात जेवढी मेहनत घेतली जायची, तेवढी कमवायलाही घेतली जात नव्हती.

त्या हिवाळ्यात मी सोलापुरात फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होते. माझी फी पहिल्यापासून एक ट्रस्ट भरत होता. अट एकच, घरचं उत्पन्न कमी असल्याचा दाखला दरवर्षी द्यायचा. त्या वर्षीचा दाखला अण्णांनी काढून परस्पर पाठवला होता. संक्रांत झाली आणि मला कॉलेजच्या ऑफिसात बोलावणं आलं. तिथले क्लार्क तसे चांगले माणूस. चष्म्यावरून बघत म्हणाले, "वडिलांचं उत्पन्न वाढलं वाटतं. चांगलंय की."

मला हसू आलं. मला वाटलं गंमत करतायत. त्यांनी समजावून सांगितलं, की दाखल्यावरचं उत्पन्न मर्यादेच्या बाहेर गेलंय, त्यामुळे शेवटच्या सहामाहीची मदत ट्रस्टनं बंद केली आहे. फी मला भरावी लागेल. हप्ते पाडून देऊ, पण परीक्षेचं हॉल तिकीट सगळी फी भरल्याशिवाय मिळणार नाही. आणि परीक्षा हुकली तर वर्ष गेलं. मग माझं तोंड बघून ते जरा हळू आवाजात म्हणाले, की दाखल्यात चूक झाली असेल तर महिनाअखेरपर्यंत दुरुस्त करून आणा, मी स्वतः पाठवतो.

चूकच असणार, दुसरं काय! मी तिथूनच अण्णांना फोन केला. अण्णा एवढंच म्हणाले, मी येतो उद्या. दाखला दुरुस्त करायला सोलापूरला कशाला यायला लागतंय?

एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये आम्ही बसलो. अण्णांनी आईनं दिलेला डबा माझ्यापुढं सरकवला, चहा बशीत ओतला आणि बशीकडं बघतच सगळं सांगितलं. ताईच्या लग्नाचं तेव्हा चाललं होतं. ताई माझ्याहून मोठी, आणि मोडनिंबचं एक चांगलं स्थळ जुळत आलं होतं. मुलाचे चुलते चौकशीला म्हणून आमच्या गावात आले होते आणि गावातल्या रिवाजाप्रमाणे आधी चावडीत जाऊन तलाठ्याकडं चहा पीत बसले होते. पोरीच्या घरची माहिती काढायची तर तलाठ्याइतका भरवशाचा माणूस कुठला? नेमके त्याच वेळी अण्णा माझ्या दाखल्यासाठी तिथं गेले. तलाठ्यानं पेन उघडून, सगळ्यांदेखत, सहज विचारलं, सर, उत्पन्न किती लिहू?

"आता तूच सांग," अण्णा म्हणाले. "व्याही समोर बसल्यात. त्यांच्या तोंडावर मी काय सांगणार हुतो? पगारच न्हाय म्हणून?"

त्यांनी अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला जो पगार मिळतो तो सांगितला. तलाठ्यानं लिहून घेतला. चुलत्यांनी चहा संपवला, हात जोडले आणि दोन दिवसांत होकार कळवला.

मी म्हटलं, अण्णा, आता जाऊन खरं सांगून नवा दाखला काढा. ते म्हणाले, तलाठ्याचं तोंड कुणी धरलंय? संध्याकाळच्या आत मोडनिंबला बातमी जाईल. मास्तर खोटारडा निघाला म्हणतील, आणि ताईचं मोडेल. एकदा मोडलं की पुढं कुणी दारात उभं राहत नाही. हे सगळं ते इतकं सावकाश सांगत होते, की मला वर्गात बसल्यासारखं वाटत होतं.

"मग माझं काय?" मी विचारलं.

"बघू कायतरी," अण्णा म्हणाले. "पर हे कुणाला बोलू नको. मैत्रिणीलासुदीक न्हाय."

दुपारच्या गाडीनं ते परत गेले. खिडकीत बसून त्यांनी हात केला, मीही केला. मला अण्णांचा राग आला होता, तलाठ्याचा आला होता, मोडनिंबच्या त्या चहा पिणाऱ्या चुलत्यांचा आला होता. आणि सगळ्यात जास्त आला होता तो ताईचा. तिचा यात काडीचा दोष नव्हता. तिला तर यातलं काही ठाऊकही नव्हतं. महिनाअखेर आली आणि गेली. क्लार्क एकदा जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या, मी नाही म्हणून मान हलवली.

कुणाला बोलू नको हे सांगायला फार सोपं. होस्टेलवर माझी रूममेट मोडनिंबचीच होती. पोरगी लाघवी, पण तिच्या पोटात काही राहायचं नाही. रोज रात्री आईला फोन करून आमटीत मीठ कमी होतं इथपासून सगळं सांगायची. होस्टेलची फीही परवडण्यासारखी नव्हती, पण मी तिथून हलले ते मुख्य म्हणजे तिच्यामुळं. तिला सांगितलं, नातेवाइकांकडं राहायला जाते. ती रडली. मला मात्र रडून चालण्यासारखं नव्हतं, कारण रडलं की का ते सांगावं लागतं.

नातेवाईक कुठले! शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या गल्लीत मला एक खोली मिळाली. घरमालकीण तेलुगू बोलायची, मला येत नव्हतं. तिचं मराठी भाडं, पाणी आणि दिवा बंद कर एवढ्यात संपायचं. आमचं कधी भांडण झालं नाही, कारण भांडायलाही शब्द लागतात. पहाटेपासून माग सुरू व्हायचे, खटखट, खटखट, भिंतीतून, फरशीतून, उशीतून. पहिले काही दिवस डोकं उठलं. पुढं वीज गेली आणि माग थांबले की मला दचकायला व्हायचं. सबंध गल्ली एकदम गप्प झाली की आपण एकटे आहोत हे फार स्पष्ट कळायचं.

काम मिळालं ते कडक भाकरीचं. सोलापूरच्या कडक भाकरीला गिऱ्हाइकांची कमी नाही. लग्नकार्याला, हॉटेलांना, पुण्यामुंबईला पाठवायला ती बायका गल्लीगल्लीत बसून करतात. आमच्या गल्लीच्या टोकाला शांताक्कांचं असंच एक केंद्र होतं. अक्का अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या, अंगानं भरभक्कम आणि तोंडानं फटकळ. मी मंगळवेढ्याची म्हटल्यावर त्यांनी पुढं काही विचारलंच नाही. ज्वारीच्या गावची पोरगी, येतंय की हिला, म्हणून थेट परातीसमोर बसवलं.

येत होती ती घरची भाकरी. मऊ, जाडसर, टम्म फुगणारी. कडक भाकरीचं गणित उलटं. ती कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेला पार पापडासारखी होईपर्यंत ठेवायची. माझा हात मऊ भाकरीला सरावलेला, कडेला जाडच राहायचा. मधे पातळ, कडेला जाड, म्हणजे निम्मी भाकरी कडक आणि निम्मी वातड. अक्का ती हातात घेऊन वाकवून बघायच्या, काही न बोलता बाजूला टाकायच्या. पैसे नगावर होते. तुटलेल्या आणि वातड भाकरीचे पैसे त्या कापायच्या आणि त्याच भाकरी मला जेवायला द्यायच्या. त्यांच्या मते दोन्ही रास्तच होतं.

दुपारी प्रॅक्टिकल संपलं की मी तिकडं जायची. फेब्रुवारी सरला, मार्चात ऊन चढलं, एप्रिलमध्ये तर सोलापूर म्हणजे तापलेला तवाच, आणि आम्ही त्या तव्याच्या आत आणखी तवे पेटवून बसलेल्या. बायका आपापसात कानडीत आणि तेलुगूत बोलायच्या, हसायच्या, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढायच्या. मला कळायचं ते एवढंच, की हसतायत. मीही कधी कधी हसायची, उगीच. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ. कॉलेजचा पांढरा ॲप्रन होता म्हणून निभावलं, त्यावर पीठ दिसत नाही.

ताईचा फोन यायचा तो नेमका भाकऱ्या थापताना. शालू जांभळा घेऊ की मोरपंखी? मोत्याच्या बांगड्या बऱ्या दिसतील का? तू केव्हा येतेस गं, तुझ्याशिवाय मजा नाही. मी खांद्यानं फोन कानाला दाबून मोरपंखी घे म्हणायची. मागं कसला आवाज येतोय म्हणून तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, लॅबमध्ये मशीन चालू आहे. ताईला ते पटलं. तिला तेव्हा काहीही पटलं असतं इतकी ती आनंदात होती. फोन ठेवला की मी पुढचा गोळा परातीत ओढायची. ताईवर माझा जीव होता आणि तिच्याशी बोलणं मला नको व्हायचं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

वर्गातल्या मुली मला शिष्ट म्हणायला लागल्या होत्या. ट्रिपला नाही, सिनेमाला नाही, साडी डेला नाही. शेवटी निरोप समारंभाला मात्र मी गेले. जेवणात शेंगाची आमटी आणि कडक भाकरी होती. पानात भाकरी पडली आणि मी बघतच राहिले. थाप बघताच ओळखली, भाकरी आमच्या केंद्रावरची होती. आदल्या दिवशी मोठी ऑर्डर आहे म्हणून अक्कांनी आम्हाला उशिरापर्यंत बसवलं होतं, ती हीच. माझी जुनी रूममेट शेजारी बसलेली. कडकड मोडत, आमटीत चुरत म्हणाली, अगं काय मस्त झाल्यात, कुठून आणल्यात कुणास ठाऊक! सगळ्या जणी तेच म्हणत होत्या. आयुष्यात माझ्या हाताला इतकी वाहवा पुन्हा कधी मिळाली नाही, आणि मी मान खाली घालून खात होते. एकीला तरी सांगावं असं इतकं वाटलं, की मी उठून पाणी प्यायला गेले. नळापाशी उभी राहिले, तोंड धुतलं आणि परत येऊन बसले.

शेवटचा हप्ता भरला तेव्हा क्लार्कनं हॉल तिकीट हातात दिलं आणि एवढंच म्हटलं, "जमवलंस पोरी." मी खाली आले. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. अशा वेळी माणूस काय करतो? कुणाला तरी फोन करतो. मी फोन काढला, नावं वरखाली केली. ज्यांना सांगायचं त्यांना अडचण होती हेच ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं त्या माणसानं तोवर एकदाही विचारलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या रसवंतीत जाऊन मी उसाचा रस प्यायले, बर्फ घालून, आणि बाकावर बसून राहिले. समोरून होटगीकडं जाणाऱ्या रिक्षा भरून भरून जात होत्या.

पेपर दिले. चांगले गेले. नंतर आठवड्याभरात ताईचं लग्न. मी घरी पोचले तर मांडव पडलेला, अण्णा नव्या सदऱ्यात नुसते धावत होते. प्रत्येक पाहुण्यापुढं मला उभं करून, ही आमची धाकटी, आता औषधशास्त्रातली पदवीधर, असं सांगत होते. आईनं माझी बोटं हातात घेतली. चटक्यांचे डाग होते. ॲसिडचे का गं, तिनं विचारलं. मी हो म्हटलं. मग तीच म्हणाली, तुझ्या फीचं काहीतरी अडलं होतं म्हणे, पण अण्णा म्हणाले झाली सोय. मी अण्णांकडं बघितलं. ते वाजंत्रीवाल्यांशी बोलत होते, माझ्याकडं पाठ करून.

हे सगळं मी गिळून टाकलं होतं. नोकरी लागली, वर्षं गेली, ताईचा संसार छान चाललाय. अण्णा निवृत्त झाले. यातलं कुणाशी बोलायचं कारणच उरलं नव्हतं. पण गेल्या आठवड्यात ताईचे यजमान, आमचे दाजी, डोळे तपासायला हॉस्पिटलात आले होते. तपासणी झाल्यावर मी त्यांना कँटीनमध्ये घेऊन गेले. बोलण्यात अण्णांच्या शाळेचा विषय निघाला आणि दाजी एकदम हसायला लागले.

"तुमच्या अण्णांनी चावडीत पगार सांगितलेला, ठाऊक हाय का तुमाला?" ते म्हणाले. "आमच्या चुलत्यांचा थोरला पोरगा तसल्याच बिनअनुदानाच्या शाळंवर हाय की. त्यांना न्हवतं व्हय ठाऊक, किती मिळतंय ते? घरी येऊन म्हणाले, मास्तर पोरीसाठी धडधडीत खोटं बोलला. लई जीव हाय पोरीवर. असल्या घरातली पोरगी डोळं झाकून करायची."

दाजी मायेनंच सांगत होते. मीही हसले. त्यांना रिक्षात बसवून दिलं, ताईसाठी खारीक-खोबरं दिलं, आणि परत येऊन औषधांच्या कपाटापुढं नुसती उभी राहिले. म्हणजे दाखला बदलला असता तरी काही मोडणार नव्हतं. ती खोली, ती गल्ली, ते तोंड शिवून काढलेले महिने, सगळं कुणासाठी? पोरीसाठी. पण अण्णांना पोरी दोन होत्या.

घरी गेल्या गेल्या मी अण्णांना फोन लावला. आज सगळं तोंडावर फेकायचं असं ठरवूनच लावला. त्यांनी नेहमीप्रमाणे बोलायला सुरुवात केली. खोकला, गुडघा, टीव्हीवरच्या बातम्या. मग ताईच्या पोराला ताप आलाय, तिचं दुखणं, तिची धावपळ. बोलता बोलता म्हणाले, "त्या ताईचीच चिंता असती बघ मला. तुजं बरं हाय. तुजी कदी काळजीच करावी लागली न्हाय."

ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं. माझ्या तोंडून निघालं, "करायची हुती की, अण्णा. थोडी तरी."

टीव्हीचा आवाज बंद झाला. मला वाटलं फोन ठेवला. मग अण्णा घसा खाकरून, फार हळू, म्हणाले, "त्या साली फी कुटनं भरलीस गं तू? विचारायला मला तोंड न्हवतं."

मी खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले.